भुंगेऱ्याच्या मिशा

आमच्या घरात डास मारत नाहीत. त्याच्यापुढे पदर हलवून 'जाय रे बाबा, दुसरं घर पाह्य' असं सांगतात, आणि तो काही जात नाही. झुरळाला सुपलीत घेऊन मागच्या दाराने सोडतात, ते आमच्या आधी पुढच्या दाराने घरात. माझं माहेर कारंज्याचं, तेही जैनांचंच. पण तिथे झुरळ दिसलं की सगळे पाठ फिरवायचे आणि कामवाल्या मावशींना हाक मारायचे. लग्न होऊन शेलूबाजारात आले आणि कळलं, की इथे पाठ फिरवायची सोय नाही. आता मीसुद्धा कोळ्याला आधी वाट देते आणि मग मोरीत पाय ठेवते.

घरातल्या या सगळ्या जीवांची जबाबदारी माझ्या सासूबाईंकडे. त्यांचं नाव अंगुरीबाई, पण आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. मऊ सुताची एक छोटी पुंजणी कायम त्यांच्या हाताशी असते. तिने मुंगीला त्या असं उचलतात, की मुंगीला कळतही नसेल आपण घर बदललं ते. आमची धान्याची अडत हायवेला आहे, म्हणजे किड्यांचं येणं-जाणं आमच्याकडे पाहुण्यांपेक्षा जास्त. तरी बाईंच्या स्वयंपाकघरात डाळीला कधी कीड लागली नाही. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण, एरंडेलाचा हात, कडुनिंबाचा पाला, आणि मग डब्याचं झाकण बाईंशिवाय कोणी उघडायचं नाही, हा कायदा.

त्यातही मुगाचा मान वेगळा. पर्युषणाचे आठ दिवस आमच्याकडे उपास-तापास चालतात. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी सगळा संघ, म्हणजे गावातला जैन समाज, उपाशी असतो आणि संध्याकाळी चुकांची कबुली देणारं प्रतिक्रमण झालं की एकमेकांची क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, सगळ्यांचं एकत्र पारणं होतं, आणि उपास सुटतो तो मुगाच्या पाण्यावर. ते मूग दरसाल आमच्या घरून जायचे. 'अंगुरीबाईच्या मुगात खडा सापडन, पण जीव नाही सापडायचा', असं आमच्या संघात म्हणतात. खडाही सापडत नाही, पण म्हण जुळायला काहीतरी लागतं. बाई ते ऐकून 'काही तरीच' म्हणायच्या आणि पदर सारखा करायच्या. त्या पदराकडे पाहिलं की कळायचं, बाईंचं आयुष्यातलं सगळं सुख या एका वाक्यात आहे.

आता बाबूजींबद्दल. माझे सासरे इंदरचंदजी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अडत माझ्या नवऱ्याच्या, अंकितच्या, हवाली केली आणि घरी बसले. घरी बसलेला अडत्या म्हणजे घरच्यांची परीक्षा. पहिले काही महिने ते रोज सकाळी भाजीवाल्याशी आम्ही आधीच ठरवलेला भाव पुन्हा ठरवायचे. मग माझी नणंद रुचा पुण्याहून आली. तिने बाबूजींच्या वाढदिवसाला मोबाइलला चिमट्याने लावायचं एक छोटं भिंग दिलं. 'बाबूजी, याच्यातून बारीक वस्तू मोठ्या दिसतात,' एवढं सांगून ती पुण्याला निघून गेली. भोगायला आम्ही राहिलो.

त्या भिंगाची एक खोड होती. वस्तू दोन बोटांवर असली तरच नीट दिसायची. त्याच्या पलीकडचं सगळं धुकं. त्यामुळे फोटो काढायचा तर बाबूजींना माशीच्या तोंडाशी तोंड न्यावं लागे. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला, धोतराचा सोगा तोंडात धरलेला, असा आमच्या घरचा मोठा माणूस ओट्यावर वाकून माशीची मनधरणी करायचा. 'थांब माय, थांब, हलू नोको.' इतक्या गोड आवाजात ते आमच्याशी कधी बोलले नव्हते.

पण फोटो निघायचे, हे कबूल करायला हवं. माशी पुढचे दोन पाय एकमेकांवर घासते, तो फोटो त्यांनी जेवायला बसलेल्या अंकितच्या नाकासमोर धरला. 'पाह्य. माशी हात धुते. अन् तू?' मोरीच्या भिंतीवर बसणारं ते करडं चिलट, ज्याला मी आल्यापासून तांब्याने पाणी मारून हाकलत होते, त्याच्या अंगावर लोकर निघाली आणि पंखांच्या काठाला पांढरे ठिपके, कोणी हौसेने काढलेल्या रांगोळीसारखे. आणि भिंतीवर दुधीच्या बीएवढं काहीतरी राखाडी चिकटलेलं असतं ना, जे आपण धूळ म्हणून झाडतो? ती अळी असते. धुळीचंच घर बांधते आणि पाठीवर घेऊन हिंडते. हे पाहिल्यापासून मला भिंत झाडायला जड जातं, म्हणजे काम वाढलं ते माझंच.

बाईंना हे सगळं पसंत नव्हतं. जीव वाचवायचा असतो, त्याचं तोंड कशाला पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. एकदा बाबूजींच्या चहात माशी पडली. बाई बोटाने काढायला धावल्या तर बाबूजी म्हणाले, "थांब जराशीक, पंख ओले दिसून राह्यले."

"जीव बुडून राह्यला अन् तुमी फोटो काढून राह्यले?" बाई कडाडल्या. त्यांनी माशी काढली, पदराच्या टोकावर ठेवून वाळवली आणि खिडकीतून सोडली. बाबूजींनी तेवढ्यातही पदराच्या टोकाचे फोटो काढले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सून आली घरात. मले तरी एवढ्या जवळून कधी पाह्यलं काय या माणसानं?"

मी हसले. बाई हसल्या नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

हळूहळू घरातले किडे संपले. म्हणजे संपले नाहीत, पण सगळ्यांचे फोटो काढून झाले. मग बाबूजी दुसऱ्यांच्या घरी जाऊ लागले. पूर्वी कुणाकडे बसायला बोलावलं तर 'पाहू' म्हणणारा माणूस आता न बोलावता चहाला जायचा, आणि चहा येईपर्यंत त्यांच्या खिडकीत, मोरीत, ओट्यावर नजर फिरवायचा. लोकांना वाटायचं, इंदरचंदजी मायाळू झाले. फोटो रात्री संघाच्या ग्रुपवर पडायचा, खाली बाबूजींची एक ओळ, आणि खाली तीस जणांचे जोडलेले हात. फोटो नीट कोणी पाहत असेल असं मला वाटत नव्हतं.

एक फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला. पर्युषण दोन दिवसांवर आलं होतं. फोटोत मुगातला भुंगेरा होता. तपकिरी, पाठीवर ठिपके, आणि डोक्यावर दोन मिशा, थेट फणीसारख्या दातऱ्या. खाली बाबूजींनी लिहिलं होतं, 'भुंगेरा. नर. मिशा पाहा.' मिशा कोणीच पाहिल्या नाहीत. भुंगेरा चालत होता स्टीलच्या डब्याच्या झाकणावर, आणि त्याच्या पायाखाली मशीनने कोरलेलं नाव सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं: सौ. अंगुरीबाई.

पाच मिनिटांत रत्नमालाबाईंचा निरोप आला. त्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. 'अंगुरीभाभी, डाळीला ऊन दाखवत जा.' पुढे जोडलेले हात. मग दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, 'मोठ्या घरची कीडही मोठी.' मग हसऱ्या तोंडांची रांग लागली. बाईंकडे फोन आहे, पण तो फक्त वाजतो. त्यांना दुसऱ्या दिवशी स्थानकाच्या पायरीवर कळलं. चप्पल काढता काढता कोणीतरी विचारलं, "काहो भाभी, मुगात भुंगेरे झाले म्हन्ते?" व्याख्यान संपल्यावर रत्नमालाबाई जवळ आल्या, बाईंचा हात हातात घेतला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं आता वय झालं भाभी. यंदा पारण्याचे मूग माह्या घरून येऊ द्या."

बाई घरी आल्या त्या थेट देवघरात गेल्या. जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाल्या, "आपल्या घरात जीव झाले अन् मले दिसले नाही, चंदना. मी आंधळी झाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला बाबूजींचा असा राग आला की ते भिंग चहाच्या पातेल्यात उकळावंसं वाटलं.

"फोटो पाह्यता काय बाई? मोठा करून दाखवते," मी विचारलं.

"मले नाही पाहाचं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी बाबूजींशी बोलणं बंद केलं. बाबूजींना पाणी हवं असलं तर ते मला सांगत, मी बाईंना सांगे, बाई माठाला सांगत, 'घ्या मनावं आपल्या हातानं.' बाबूजी फार वेळा काही सांगायला त्यांच्यासमोर उभे राहिले, पण बाई पुंजणी घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या. त्यात पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी बाबूजींनी स्थानकात उभं राहून पच्चक्खाण घेतलं, म्हणजे नेम धरला, की आठ दिवस तोंडातून कोणाची निंदा काढणार नाही. मी मनात म्हटलं, वा! नाव घालवलं बायकोचं आणि पुण्य स्वतःच्या पदरात.

ते आठ दिवस आमच्या घरात सुतकासारखे गेले. पर्युषणात हिरवी भाजी बंद असते, सगळा भर कडधान्यावर. रोज मूग, मठ, हरभरा. बाई एकेक दाणा उजेडात धरून पाहायच्या आणि त्यांना काही सापडायचं नाही. न सापडल्याने त्या जास्तच खचायच्या. 'असन तर खरं, मलेच दिसून नाही राह्यलं,' असं पुटपुटायच्या. मलाही काही सुचत नव्हतं. शेवटी संवत्सरीच्या दिवशी, उपास असल्यामुळे चुलीचं काम नव्हतं, म्हणून मी ठरवलं, की तो नाववाला डबा तेवढा शोधायचा, रिकामा करायचा आणि बाईंच्या नजरेआड ठेवून द्यायचा.

डबा सापडेना. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कोणाचं ना कोणाचं नाव आहे. ही आपल्याकडची रीतच आहे. लग्नातल्या परातीवर बाईंच्या मामाचं, तांब्यावर आत्याचं, आणि एका कढईवर तर ज्याला घरात कोणी ओळखत नाही अशा माणसाचं नाव आहे. मांडणी उतरवली, माळा उतरवला. नुसतं 'सौ. अंगुरीबाई' असं झाकणावर कोरलेला डबा कुठेच नव्हता. मी घामाघूम होऊन फोन काढला आणि पुन्हा फोटो पाहिला. नावाच्या खाली आणखी एक ओळ सुरू होत होती, ती फोटोत अर्धीच आली होती. आणि कोपऱ्यात डब्यापलीकडे हिरवं धुकं दिसत होतं. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे.

मी फोन घेऊन बाईंकडे गेले. "बाई, आज ऐका माहं. एकदाच पाहा. हा डबा आपल्या घरी कुठं आहे?"

बाईंनी नको नको म्हणत चष्मा लावला. आधी भुंगेऱ्याकडे पाहिलं. "बापा, किती देखणा आहे," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग नाव पाहिलं. मग फोन माझ्या हातून स्वतःच्या हातात घेतला.

"हा तं माह्या अठ्ठाईचा डबा," त्या सावकाश म्हणाल्या. "रुचा पोटात यायच्या आधी मी अठ्ठाई केली होती. आठ दिवस नुसत्या गरम पाण्यावर. तवा तुह्या बाबूजींनी डबे वाटले होते, घरोघर."

आमच्यात कोणाची मोठी तपश्चर्या पार पडली, की संघातल्या प्रत्येक घरी एकेक भांडं वाटतात, वर नाव घालून. लोक वाट्या वाटतात, चमचे वाटतात. बाबूजी तेव्हा तरुण आणि हौशी होते, त्यांनी हातभर उंचीचे डबे वाटले.

"मग आपल्याकडचा कुठं गेला?" मी विचारलं.

"आपल्याकडं नोहताच. डबे कमी पडले, तं माहावाला मी देऊन टाकला." बाईंचा आवाज चढत होता. "साऱ्या गावात एकच घर आहे, जिथं माह्या नावाचा डबा नाही. ते माहं घर!"

म्हणजे ज्या नावावरून सगळ्यांनी ओळखलं, त्याच नावावरून ओळखायला हवं होतं, की हे बाईंचं स्वयंपाकघर असूच शकत नाही. आणि ज्यांनी हसरी तोंडं पाठवली, त्या प्रत्येकाच्या मांडणीवर तोच डबा होता.

"हिरवा ओटा कोणाचा आहे?" मी विचारलं, पण मला विचारतानाच माहीत होतं.

"रत्नमालाचा. तो दाखवायले तिनं साऱ्या शेलूबाजारले चहा पाजला होता," बाई म्हणाल्या, आणि उठून थेट बाबूजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. बाबूजी आसन घेऊन सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायच्या तयारीत होते.

"तुमाले माहीत होतं काय, डबा कोणाघरचा होता ते?"

बाबूजींनी आधी आढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होतं."

"अन् बोलले नाही?"

"तिच्या घरी चहा पेलो. तिच्याच डब्यातला भुंगेरा वेशीवर टांगाचा? निंदा झाली असती. पच्चक्खाण आहे माहं."

"तिची निंदा नाही झाली पाह्यजे. माही झाली ते चालली?"

बाबूजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मले वाटलं, तू घरची आहे. तू समजून घेशीन."

"घरच्या माणसाची लाज सस्ती राह्यते काय?"

बाबूजी आसन उगाच सारखं करू लागले. पण बाईंचं संपलं नव्हतं. "फोटो काढतानी नाव नाही दिसलं तुमाले? एवढं मोठं नाव. तुमीच घातलं होतं न?"

"भिंगातून मिशाच दिसत होत्या," बाबूजी म्हणाले. ते खरं बोलत होते, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "मी मिशा पाहून राह्यलो होतो. नाव मले रत्नमालेनं लिहिलं तवा दिसलं."

"इतक्या वर्षांची बायको. तिचं नाव नाही दिसलं, अन् भुंगेऱ्याच्या मिशा दिसल्या." बाई एवढंच म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या. मला वाटलं, आता रत्नमालाबाईंची काही धडगत नाही. मीही पदर खोचून मागे निघाले. असला तमाशा चुकवण्याइतकी मी काही साध्वी नाही.

वाटेत बाई थांबल्या. ऊन कडक होतं आणि दोघींच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "चंदना, उद्या पारण्याले तिचे मूग शिजणार," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम बदलला होता. "जिवासगट शिजतीन ते! माही लाज जाऊ दे खड्ड्यात. त्या जिवांचं काय?"

रत्नमालाबाईंच्या घरी तो डबा हिरव्या ओट्यावरच होता, उद्यासाठी काढून ठेवलेला. आम्हाला पाहून रत्नमालाबाई उठल्या. "या भाभी. क्षमा मागाचा खमतखामणा तं संध्याकाळी आहे न, प्रतिक्रमणानंतर?"

"तो होईनच संध्याकाळी. माहं काम उजेडातलं आहे," बाई म्हणाल्या. त्या ओट्याजवळ गेल्या, डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. आत झाकणाला लागून बारीक खरखर चालू होती. ती आम्हा तिघींनाही ऐकू आली. "सारा संघ म्हणून राह्यला, हे अंगुरीबाईचे भुंगेरे आहेत. हाये न? मग माहे भुंगेरे मले दे. मी घरी नेते."

रत्नमालाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, नाव वाचलं, खालची ओळ वाचली. अध्यक्षपद एका क्षणात त्यांच्या अंगावरून उतरलं. "भाभी, मी पाह्यलंच नाही वो," त्या म्हणाल्या. "वरच्यावर वापरतो आपण. नाव कोण वाचते?"

"कोणीच नाही वाचत. माहा नवराबी नाही वाचत," बाई म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत डबा परत पाठवते. मूग कोणाचे हे कोणाले सांगू नोको. तुह्या घरून यायचे ठरले, तुह्याच घरून जाऊ दे."

घरी आल्यावर बाईंनी ते मूग, भुंगेऱ्यांसकट, मागच्या पडवीत सावलीला एका मडक्यात ओतले आणि वर सैलसं फडकं बांधलं. 'खा आता बसून,' असं मडक्याला सांगितलं. मग डबा घासला, पुसला, उन्हात वाळवला आणि आपल्या मुगांनी काठोकाठ भरला. अंकित दुकानातून आला होता, त्याच्या हाती डबा रत्नमालाबाईंकडे गेला. बाबूजी हे सगळं दारात उभं राहून पाहत होते. खिशात फोन होता, पण त्यांनी तो काढला नाही. तेवढी अक्कल आली होती.

संध्याकाळी प्रतिक्रमण करून घरी आल्यावर बाईंनी सगळ्यांची क्षमा मागितली. माझी, अंकितची, फोनवरून रुचाची, आणि ट्यूबलाइटमागच्या पालीची. बाबूजी हात जोडून रांगेत शेवटी उभे होते. आपल्याकडे म्हणायचं ठरलेलं असतं: जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. वर्षानुवर्षं पाठ असलेलं, घाईत म्हणून टाकायचं वाक्य. बाबूजी थांबत थांबत म्हणाले, "अजाणता नाही झालं. पह्यलं अजाणता होतं, मंग जाणूनच झालं. मिच्छामि दुक्कडं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या पाहू," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. संवत्सरीला क्षमा उद्यावर ढकलणारी श्राविका मी पहिल्यांदाच पाहिली. पण मला त्यांचं बरोबर वाटलं.

सकाळी स्थानकात पारणं झालं. मुगाच्या पहिल्या घोटालाच सगळ्यांचे चेहरे खुलले आणि कोणीतरी म्हणालं, "रत्नमालाबाई, यंदा मूग काय उतरले! अंगुरीभाभीची आठवण राह्यली नाही." बाई खाली मान घालून वाटीतलं पाणी पीत होत्या. मी दात-ओठ खाल्ले, पण बाईंनी सांगायला बंदी केली होती. मग रत्नमालाबाई उठल्या. त्यांनी कोपऱ्यात सारून ठेवलेला डबा उचलला, लोकांसमोर टेबलावर आणून ठेवला आणि झाकण काढून असं उभं टेकवलं, की सगळ्यांना वाचता यावं: 'सौ. अंगुरीबाई इंदरचंद यांच्या अठ्ठाई तपश्चर्येनिमित्त सप्रेम भेट.'

"डबा त्यायचा अन् मूगबी त्यायचेच," रत्नमालाबाई म्हणाल्या. "भुंगेरे तेवढे माहे होते." एवढं बोलून त्या रडू लागल्या. बाई उठल्या आणि त्यांना आपल्या वाटीतलं पाणी पाजलं. मला रत्नमालाबाईंचा आठ दिवस राग आला होता, पण भरल्या सभेत एवढं बोलायला छाती लागते.

सभेत मात्र एकेकीची मान झाकणाकडे वळली. झाकण वाचता वाचता एकेकीला आठवत होतं, की हा डबा आपण कुठेतरी पाहिलेला आहे. कुठे पाहिलेला आहे, तेही आठवत होतं. त्या दिवशी पारण्यानंतर गप्पांना कोणी थांबलं नाही. दुपारी मी गच्चीवर कपडे घ्यायला गेले तर आमच्या गल्लीतल्या एकूण एक गच्चीवर भादव्याच्या उन्हात धोतरं अंथरलेली होती, आणि धोतरांवर मूग, मठ, हरभरा, तूर. प्रत्येक गच्चीवर एक बाई खाली मान घालून बसली होती, आणि कोणीही कोणाकडे पाहत नव्हतं.

बाई मागच्या पडवीत मडक्याशी बसल्या होत्या. फडक्यावर आलेला एक भुंगेरा त्यांच्या बोटावर चढला. बाबूजी दाराशी येऊन घुटमळत होते.

"या," बाई म्हणाल्या. "मिशा पाहाच्या आहेत न तुमाले? नर आहे."

बाबूजी लगबगीने खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला, फोन बाईंच्या बोटापर्यंत नेला. मग थांबले. का थांबले ते मला आधी कळलं नाही. त्यांनी नखाने चिमटा उचकटला, भिंग काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि उठून चार पावलं मागे, पार तुळशीपर्यंत गेले. भिंगाशिवाय फोटो काढायची सवय मोडली होती. बाईंना काही समजेना. त्या बोट पुढे धरून तशाच बसून राहिल्या, किंचित रागावलेल्या, किंचित लाजलेल्या.

"दाखवा पाहू," फोटो निघाल्यावर त्या म्हणाल्या. चष्मा लावून फार वेळ पाहत राहिल्या. भुंगेरा त्यात दिसतही नव्हता, बोटावर नुसता एक ठिपका. "याच्यात माहं नाव नाही कुठं," त्या म्हणाल्या.

"लागत नाही," बाबूजी म्हणाले.

बाईंनी भुंगेऱ्याला पुंजणीने उचलून मडक्यात सोडलं, हात धुतले आणि दोघांसाठी चहा ठेवायला उठल्या.